आईच्या सीबीसीत एनएलआर ६.९ आलाय, फ्लू गंभीर होणार का? (ठाणे) – मदत हवी आहे

घोडबंदरकर
आईचा सीबीसीचा (रक्तातल्या पेशी मोजण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट आत्ताच मोबाईलवर आला. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल ८३ टक्के, लिम्फोसाइट १२ टक्के, आणि खाली लाल अक्षरांत या दोन्हींचं गुणोत्तर, म्हणजे एनएलआर, ६.९. स्वॅबमध्ये इन्फ्लुएंझा ए आधीच पॉझिटिव्ह आलाय. गूगलवर जिथे बघावं तिथे "एनएलआर वाढला की आजार गंभीर होण्याचा धोका" एवढंच लिहिलंय. आमचे डॉक्टर संध्याकाळी सातनंतर भेटतात, फोन लागत नाही. ६.९ म्हणजे किती वाईट? ॲडमिट करायचं का? ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया लगेच लिहा. नुसता धीर नको, उत्तर हवंय.

वाशीची_सिस्टर
आईंचं वय काय? आजाराचा कितवा दिवस? ऑक्सिजन किती? मधुमेह, बीपी, दमा यातलं काही? कोणती औषधं चालू आहेत? आणि एकूण पांढऱ्या पेशी म्हणजे टीएलसी लिहा. एका गुणोत्तरावरून कुणी काही सांगू नये.

कोपरीचा_बाळ
प्लेटलेट किती ते आधी बघा! बाकी सगळं नंतर. माझ्या मेव्हण्याच्या ४० हजारांवर आल्या होत्या. पपईच्या पानांचा रस सकाळ-संध्याकाळ दिला, चार दिवसांत वर.

घोडबंदरकर
वय ६७. टीएलसी ५२००. प्लेटलेट १ लाख ४२ हजार. ताप कालपासून नाही. बाकी तब्येत नेहमीसारखीच. पण एनएलआरचं काय?

नौपाडा_लॅब
मी लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही. आकडा कुठून येतो तेवढं सांगतो. न्यूट्रोफिलच्या टक्केवारीला लिम्फोसाइटच्या टक्केवारीने भागलं की एनएलआर. ८३ भागिले १२, म्हणजे ६.९. धडधाकट मोठ्या माणसात तो साधारण १ ते ३ असतो. कोविडपासून बऱ्याच लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये तो आपोआप छापला जातो, डॉक्टरांनी मागितला नसला तरी.
पण टक्केवारी फसवते. प्रत्यक्ष संख्या काढा: ५२०० चे १२ टक्के, म्हणजे ६२४ लिम्फोसाइट. मोठ्या माणसात हजाराच्या खाली गेले की कमी धरतात. तुमच्या रिपोर्टमध्ये लक्ष द्यायचं ते इथे. न्यूट्रोफिल ४३०० च्या आसपास आहेत, ते नॉर्मलमध्येच बसतात. म्हणजे गुणोत्तर वर गेलंय ते भाजक कमी झाल्यामुळे.

वाशीची_सिस्टर
"नेहमीसारखीच" म्हणजे काय हो? ऑक्सिजनचा आकडा द्या. औषधांची यादी द्या. स्टेरॉईड चालू आहे का?

निळकंठ_ज्येना
२००९ साली स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हापासून मी हे विषय वाचतोय. २०२० मध्ये कोविडबद्दल चीनमधून आलेल्या अगदी सुरुवातीच्या अहवालांतही हेच होतं: जे गंभीर झाले त्यांचे लिम्फोसाइट घसरलेले आणि न्यूट्रोफिल चढलेले. हा निर्देशांक स्वस्त आहे. गावातल्या लॅबमध्येही निघतो. त्याला कमी लेखू नका. ६.९ असताना घरी बसणं मला तरी पटत नाही. उशीर करू नका.

वाशीची_सिस्टर
काका, ते निरीक्षण खरं आहे, नाकारत नाही. पण त्या रुग्णांच्या गटात जे दिसलं ते एका माणसाला जसंच्या तसं लावता येत नाही. ताण, वेदना, जंतुसंसर्ग, वय, कशानेही एनएलआर हलतो. म्हणूनच मी स्टेरॉईडचं दोनदा विचारतेय.

घोडबंदरकर
औषधं: फ्लूसाठी ऑसेल्टामिव्हिर ७५ दिवसातून दोनदा, पॅरासिटामॉल, आणि हो, स्टेरॉईड आहे: मेथिलप्रेडनिसोलोन १६ परवापासून, छातीत घरघर होती म्हणून. मधुमेह आहे, इतकी वर्षं गोळ्यांवर व्यवस्थित आहे. आजाराचा सहावा दिवस. ऑक्सिजन ९५-९६. गोळी सुरू करायच्या आदल्या दिवशीचाही एक रिपोर्ट आहे: टीएलसी ४६००, न्यूट्रोफिल ६८, लिम्फोसाइट २५.

नौपाडा_लॅब
हा रिपोर्ट पहिल्या पोस्टमध्येच हवा होता! त्यात एनएलआर २.७ आणि लिम्फोसाइट ११५०. मध्ये स्टेरॉईड आलं. स्टेरॉईडने रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून असलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात आणि लिम्फोसाइट रक्तातून निघून ऊतींत जातात. काही तासांत होतं हे. इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) किती छापलेत? शून्य असतील तर तेही बऱ्याचदा याच गोळीमुळे.

घोडबंदरकर
इओसिनोफिल ०. म्हणजे घाबरायचं कारण नाही?

वाशीची_सिस्टर
असं कुणी म्हटलेलं नाही. स्टेरॉईड चालू असताना या आकड्यावरून इकडचा किंवा तिकडचा निष्कर्ष काढता येत नाही, एवढंच. म्हणून आता रिपोर्ट बाजूला ठेवा आणि आईंकडे बघा:
त्या शांत बसलेल्या असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, त्यांना न सांगता. मग घरातल्या घरात सहा मिनिटं चालवा आणि पुन्हा ऑक्सिजन बघा. धाप लागली किंवा आकडा ९४ च्या खाली गेला तर तिथेच थांबवा. बोटाला नेलपॉलिश नको, बोट गार नको. साखरही तपासा. आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

कोपरीचा_बाळ
स्टेरॉईडला उगाच नावं ठेवताय. कोविडमध्ये माझे वडील डेक्सामेथासोननेच वाचले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

निळकंठ_ज्येना
बाळासाहेब, वडील वाचले याचा आनंदच आहे. पण जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' नावाच्या औषध-चाचणीचे जे निष्कर्ष आले त्यात डेक्सामेथासोनचा फायदा ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्यांना झाला होता. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना झाला नाही. आणि तो कोविड होता. फ्लूमध्ये केवळ फ्लू म्हणून स्टेरॉईड देत नाहीत. दमा किंवा घरघर असेल तर गोष्ट वेगळी. मधुमेही माणसात स्टेरॉईडने साखर कशी भडकते आणि पुढे काय होऊ शकतं ते २०२१ मध्ये म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) वेळी महाराष्ट्राने सोसलंय.

कोपरीचा_बाळ
मग पपईचा रस तरी द्या, त्याने नुकसान काही नाही.

नौपाडा_लॅब
कशासाठी? प्लेटलेट १ लाख ४२ हजार आहेत. विषाणूच्या तापात दीड लाखाच्या थोडं खाली येणं नेहमी दिसतं. डेंग्यूचा धागा नाहीये हा.

सीवूड्स_आई
अवांतर: घरी येऊन सॅम्पल नेणारी चांगली लॅब नेरूळ-सीवूड्स भागात कुणाला माहीत आहे का? सासऱ्यांना जिना उतरवत नाही.

घोडबंदरकर
श्वास मिनिटाला २६. बसून ९५ होता, चालवल्यावर चौथ्या मिनिटाला ९१, मग थांबवलं. दोन मिनिटांनी ९४. आई म्हणते काही होत नाहीये. साखर ३१०.

वाशीची_सिस्टर
निघा. सातची वाट बघू नका. चालताना ऑक्सिजन ९१ वर उतरणं आणि श्वास २६, ही खूण तुमच्या ६.९ पेक्षा कितीतरी मोठी आहे. आई गप्प, गुंगल्यासारख्या किंवा गोंधळलेल्या वाटल्या तर तेही हॉस्पिटलच्या दारातच सांगायचं. दोन्ही रिपोर्ट, औषधांच्या पट्ट्या आणि स्टेरॉईड कधी सुरू झालं ते कागदावर लिहून न्या. तिथे घाईत कुणी विचारायचं राहून जातं.

निळकंठ_ज्येना
सिस्टरना अनुमोदन. ॲम्ब्युलन्स हवी असेल तर १०८. गाडीने जाणार असाल तर घोडबंदर रोडवर सहानंतर अडकाल, आत्ताच निघा.

टिकुजिनीवाडीकर
मानपाड्यापर्यंत आत्ता रस्ता मोकळा आहे, दहा मिनिटांपूर्वीच आलो. कापूरबावडीला मात्र रांग आहे.

घोडबंदरकर
निघालो.

कोपरीचा_बाळ
काळजी घ्या दादा. काही लागलं तर व्यनि (खासगी निरोप) करा, मी ठाणे पूर्वेलाच आहे. रक्तदाता किंवा रात्री सोबत, काहीही.

घोडबंदरकर
ॲडमिट केलंय. नळीने २ लिटर ऑक्सिजनवर ९७ आहे. एक्स-रेत उजवीकडे खाली डाग निघाला. इथल्या डॉक्टरांनी आधी श्वास मोजले, छाती ऐकली, वय आणि युरिया विचारात घेतलं. एनएलआरबद्दल विचारल्यावर म्हणाले, स्टेरॉईडवर असताना त्याचं मला काही करायचं नाही, पण लिम्फोसाइटची संख्या दर दोन दिवसांनी बघू, वर यायला लागली की बरं वाटेल. फ्लूवर जिवाणूंचा न्यूमोनिया बसलाय का ते बघायला थुंकी आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) पाठवलंय. साखरेसाठी इन्सुलिन सुरू. सिस्टर, तुम्ही चालवून बघायला सांगितलं नसतं तर मी सातपर्यंत तो लाल आकडाच बघत बसलो असतो. आई आत्ता चहा मागतेय.

वाशीची_सिस्टर
चहा मागतायत हे ऐकून बरं वाटलं. पुढचा सीबीसी बघताना एक ध्यानात असू द्या: आता टीएलसी १२-१३ हजार झाला तरी लगेच दचकू नका, स्टेरॉईडनेही तो चढतो. ताप परत आला, कफ पिवळा-हिरवा झाला आणि टीएलसीही चढला, असं सगळं एकत्र दिसलं तर डॉक्टरांना नक्की विचारा.

निळकंठ_ज्येना
तरीही माझं म्हणणं राहतंच. स्टेरॉईड सुरू व्हायच्या आधीचा एनएलआर जर ६.९ असता, तर तो गांभीर्याने घ्यायलाच हवा होता.

नौपाडा_लॅब
मान्य, काका. आणि म्हणूनच औषध सुरू करायच्या आधीचं सॅम्पल मोलाचं.

सीवूड्स_आई
माझ्या लॅबच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही. पण त्याहून महत्त्वाचं: हे वाचून मी लेकीचा कालचा रिपोर्ट काढला. वय ३ वर्षं, सर्दी-खोकला. तिचे लिम्फोसाइट ५८ आणि न्यूट्रोफिल ३४. हे तर अगदी उलटं आहे. काय समजायचं?

नौपाडा_लॅब
ताई, चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत लिम्फोसाइटच जास्त असतात, ते नॉर्मल आहे. मोठ्यांचा एनएलआर त्यांना लावायचाच नाही. रिपोर्टवर मोठ्यांची रेंज छापली असेल तर लॅबला वय सांगून बदलून घ्या. ती खाते-पिते ना, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डे पडत नाहीत ना, ते बघा. घरी येणाऱ्या लॅबचं व्यनित कळवतो.