बॅकहँड : उलटा हात, डावा हात की मळहात?

प्रश्न : टेनिसवरच्या एका लेखाचं मराठी करते आहे. 'बॅकहँड'ला 'डाव्या हाताचा फटका' म्हटलं तर चालेल का? त्याच लेखात पुढे 'बॅकहँडेड कॉम्प्लिमेंट' असाही प्रयोग आलाय. तिथे काय लिहावं?

उत्तर : 'डाव्या हाताचा' नको, त्याने अर्थच फिरतो. राफाएल नदाल एरवी उजव्या हाताने लिहितो, पण टेनिस डावखुरा खेळायचा. त्याचा डावीकडून येणारा फटका फोरहँड आणि उजवीकडचा बॅकहँड. इथे प्रश्न डाव्या-उजव्याचा नसून हाताची कोणती बाजू पुढे जाते याचा आहे. तळहात पुढे असेल तर फोरहँड, मळहात पुढे असेल तर बॅकहँड. मळहात म्हणजे पंजाची पालथी बाजू. हा शब्द जुना आहे, आता फारसा कानावर पडत नाही, पण इथे तो नेमका बसतो.

तरी फटक्याचं नाव म्हणून मी 'बॅकहँड'च ठेवेन. खेळणारे आणि बघणारे सगळे तेच म्हणतात. फारतर पहिल्या उल्लेखाला 'हात शरीरासमोरून आडवा नेऊन, मळहात पुढे ठेवून मारलेला फटका' एवढं सांगा आणि पुढे जा.

प्रश्न : पण दोन्ही हातांनी मारतात तेव्हा?

उत्तर : चांगला मुद्दा. ब्यॉन बोर्ग, जिमी कॉनर्स, ख्रिस एव्हर्ट यांच्यामुळे १९७०च्या दशकात दुहाती बॅकहँड रुजला. त्यात उजव्या खेळाडूचा डावा तळहात पुढेच जातो, आणि बराचसा जोरही त्याच हाताचा असतो. नाव मात्र मुख्य हातावरून पडतं, म्हणून तो बॅकहँडच. 'दुहाती बॅकहँड' आणि 'एकहाती बॅकहँड' हे शब्द मराठीत सहज चालतात, बिनधास्त वापरा. फेडररचा एकहाती होता.

बॅडमिंटनमध्ये तर पकडच बदलते. रॅकेटच्या मुठीच्या रुंद बाजूवर अंगठा सपाट टेकवतात आणि फटक्याचा जोर त्या अंगठ्याच्या रेट्यातून काढतात.

आता 'बॅकहँडेड कॉम्प्लिमेंट'चं, म्हणजे बोच असलेल्या कौतुकाचं. पुष्कळ जण इथे 'व्याजस्तुती' सुचवतात. मला ते पटत नाही. व्याजस्तुती अलंकारात वरवर स्तुती आणि आत निंदा असते, किंवा उलट. म्हणजे वरचा अर्थ नुसता देखावा असतो. 'तुझ्या वयाच्या मानाने छान दिसतेस' यात कौतुक खरं असतं आणि बोचही खरी असते, कधी तर बोलणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. म्हणून 'खोचक कौतुक' किंवा 'कौतुकातला टोमणा' बरा. बोलण्याच्या ओघात 'कौतुक करता करता चिमटा काढला' असंही छान उतरतं.

इंग्लंडमधल्या बोलीत 'बॅकहँडर' म्हणजे लाच. त्याला आपल्याकडे 'चिरीमिरी' आहे, रक्कम मोठी असेल तर सरळ 'लाच' लिहा. क्रियापद हवं तर 'हात ओले करणे'. थप्पड असेल तर 'उलट्या हाताची'. हस्ताक्षराबद्दल 'बॅकहँड' म्हटलं असेल तर 'डावीकडे झुकलेलं अक्षर', तिथे दुसरा शब्द शोधत बसू नका.

प्रश्न : म्हणजे बॅकहँड नेहमी दुय्यम, कच्ची बाजू असंच ना?

उत्तर : नाही. फ्रिस्बीत नवशिक्याला बहुधा आधी बॅकहँड फेकच शिकवतात, तबकडी शरीरासमोरून आडवी नेऊन मनगटाने सोडायची. तिथे फोरहँड अवघड वाटतो. लेखात 'बॅकहँड कच्चा' असं असेल तर ते त्या खेळाडूबद्दल आहे, त्यावरून शब्दाचा अर्थ लावू नका.