लॅपटॉपचा पासवर्ड दिला नव्हता, तरी फायली दुकानदाराकडे कशा गेल्या? (लिनक्स मिंट)

माणदेशी:
नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी महिलांच्या सल्ला केंद्रात काम करते. घरात मारहाण सोसलेल्या बायका येतात, बोलतात, मी लिहून घेते. तीन वर्षांपूर्वी भाच्याने केंद्राच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकून दिली. लिनक्स सुरक्षित असतं असं सगळ्यांकडून ऐकलेलं, त्यामुळे मी निर्धास्त होते.

गेल्या आठवड्यात स्पेसची कळ बसली म्हणून लॅपटॉप दुरुस्तीला दिला. पासवर्ड दिला नाही, दुकानदाराने मागितलाही नाही. परत देताना त्याने सोबत एक पेन ड्राइव्ह हातात ठेवला. "मॅडम, डिस्क जुनी झालीय, म्हणून तुमचा डेटा काढून ठेवला. याचे पैसे नकोत." घरी येऊन लावून पाहिला, तर माझं अख्खं होम फोल्डर त्यात. फायलींना नावं बायकांचीच, आडनावासकट. मीच दिलेली.

माणूस वाईट नाही, भलं करायला गेला. पण त्याला उघडता आलं म्हणजे कुणालाही येईल. यातल्या दोघींचे नवरे त्याच पेठेत गाळे चालवतात. तेव्हापासून मला झोप नाही.

पासवर्ड असून हे झालं कसं? आता काय करू? व्हीपीएन घेतलं असतं तर हे टळलं असतं का?

पेठकर:
ताई, पैसे भरून एखादं चांगलं व्हीपीएन घ्या आणि ब्राउझर कायम प्रायव्हेट विंडोत वापरा. मी तेच करतो.

कळफलक:
पेठकर, व्हीपीएनचा इथे संबंध नाही. ते इंटरनेटच्या वाटेवरचा डेटा झाकतं, घरात ठेवलेला नाही.

ताई, लॉगिनचा पासवर्ड म्हणजे चालू असलेल्या मिंटचा राखणदार. दुकानदाराने तुमचं मिंट चालूच केलं नाही. त्याने पेन ड्राइव्हवरचं दुसरं लिनक्स सुरू केलं. त्या लिनक्सच्या लेखी तुमची डिस्क म्हणजे नुसती जोडलेली डिस्क, आणि तिच्यावर फायली उघड्याच पडलेल्या. हे करायला पाच मिनिटं लागतात. विंडोजची डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, केलेली नसेल तर तिथेही हेच होतं.

आज रात्रीच एक काम करा. फायरफॉक्समध्ये पासवर्ड साठवले असतील आणि त्या साठ्यावर वेगळा प्रायमरी पासवर्ड लावलेला नसेल, तर ते सगळे त्या प्रतीतून वाचता येतात. ईमेलचा पासवर्ड सगळ्यात आधी बदला. जमलं तर वायफायचाही बदला, कारण तो मिंटमध्ये साध्या अक्षरांत लिहिलेला असतो आणि पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवणाऱ्याला दिसतो.

कायमचा उपाय म्हणजे अख्खी डिस्क लिनक्समधल्या लक्स पद्धतीने एन्क्रिप्ट करणं. त्यासाठी नोंदींची प्रत काढून मिंट नव्याने टाकावं लागेल. डिस्क पुसून मिंट टाकण्याचा पर्याय निवडलात की तिथेच प्रगत सोयींमध्ये एन्क्रिप्ट करण्याची खूण असते. पासफ्रेज, म्हणजे शब्दांचा लांब पासवर्ड, सहा-सात शब्दांची ठेवा. शब्द मराठी चालतील, पण इंग्रजी अक्षरांत लिहा, कारण सुरुवातीच्या त्या पडद्यावर देवनागरी कळफलक भरवशाचा नसतो. मी सुरुवातीला हे लक्षात घेतलं नाही आणि स्वतःच्याच डिस्कबाहेर अडकलो होतो.

लक्सचा हेडर, म्हणजे डिस्कवरचा किल्लीची माहिती असलेला भाग, बिघडला तर पासफ्रेज बरोबर असूनही काही हाती लागत नाही. हेडरची प्रत काढून वेगळी ठेवा. आणि लॅपटॉप नुसता झोपवून कुणाच्या हातात देऊ नका, डिस्क उघडणारी किल्ली मेमरीत तशीच राहते. पूर्ण बंद करून द्या. दुरुस्तीला देताना तर डिस्क काढून घरीच ठेवा, जुन्या लॅपटॉपमध्ये दोन-चार स्क्रूंचं काम असतं.

हे सगळं होईपर्यंत लिब्रेऑफिसमध्ये 'सेव्ह अ‍ॅज' करताना पासवर्डची खूण करा. ती फाइल खरोखर एन्क्रिप्ट होते. फक्त फाइलीचं नाव उघडं राहतं, म्हणून नावांच्या जागी क्रमांक टाका.

माणदेशी:
दादा, मनापासून आभार. ईमेलचा पासवर्ड बदलला.

अजून एक विचारते. एका बाईला घरच्या वायफायवरून आमच्याशी आणि वकिलांशी बोलायचं असतं. वायफाय नवऱ्याचं, राउटरही त्याच्याच हातात. प्रायव्हेट विंडो पुरेल का?

गोदाकाठ:
नाही पुरणार, ताई. प्रायव्हेट विंडो त्या मशीनवर इतिहास ठेवत नाही, एवढंच. साइटच्या पत्त्याला कुलूप (https) असलं तरी कोणत्या साइटवर गेली हे राउटरपाशी कळू शकतं.

टॉर ब्राउझर ते झाकतो. त्यात मजकूर तीन टप्प्यांतून, म्हणजे तीन वेगवेगळ्या सर्व्हरमधून जातो. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं, शेवटच्याला कोणती साइट ते कळतं, दोन्ही एकालाही कळत नाही. पण टॉर वापरलं जातंय हे मात्र राउटरपाशी ओळखता येतं. टेल्स नावाचं लिनक्स तर पेन ड्राइव्हवरूनच चालतं, आठ जीबीचा पुरतो, आणि बंद केलं की मशीनवर मागे काही ठेवत नाही.

व्हीपीएनबद्दल एवढंच सांगते, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची आहे. त्यानंतर नॉर्डव्हीपीएन, एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हर हलवले. म्हणजे विश्वास एकाकडून काढून दुसऱ्याकडे ठेवायचा.

तरीही मी तिला यातलं काहीच घरी वापरू देणार नाही. मी स्वतः असं काम केलेलं आहे. उशाखाली अनोळखी पेन ड्राइव्ह सापडला तर ती काय सांगणार? केंद्रातल्या मशीनवरून बोलू द्या. बाजाराच्या दिवशी येऊ शकेल ना ती?

कळफलक:
गोदाकाठ म्हणतात तेच करा, माझं पूर्ण अनुमोदन. एक राहिलं. मिंट टाकायची आयएसओ फाइल अधिकृत साइटवरूनच घ्या आणि चेकसम (फाइल बदललेली नाही ना हे दाखवणारा आकडा) व मिंटवाल्यांची डिजिटल सही दोन्ही पडताळा. २० फेब्रुवारी २०१६ ला खुद्द मिंटच्या साइटवरच घुसखोरी झाली होती आणि मागचं दार असलेल्या आयएसओकडे लोकांना वळवलं गेलं होतं. चेकसमही साइटवरच लिहिलेला असतो, घुसखोर तोही बदलू शकतो, म्हणून सही महत्त्वाची.

माणदेशी:
काल भाचा आला होता. सही पडताळून मिंट टाकलं, लक्ससह. पासफ्रेज माझ्या आईच्या ओव्या आठवून केलीय, सात शब्द. बाई बाजाराच्या दिवशी येते म्हणाली.

दुकानदाराकडे जाऊन आले. त्याच्या कॉम्प्युटरवर प्रत होतीच, माझ्यासमोर पुसली. वाईट वाटलं त्यालाही. पुसलेलं परत काढता येतं हे मला माहीत आहे, त्यालाही माहीत असणार.

ज्यांच्या नोंदी होत्या त्यांना सांगायला सुरुवात केलीय, तिघींना सांगून झालं. त्यातली एक बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "माझं नाव कुठं कुठं गेलं, तेवढं कागदावर लिहून द्या." लिहून दिलं.

हेडरची प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर काढलीय. ती केंद्राच्या कपाटात ठेवू की घरी?

कळफलक:
घरी, ताई. लॅपटॉप आणि ती प्रत एका छपराखाली नको.