मदत हवी आहे : लॉरियस पुरस्कारांसाठी मराठी शब्द

मुलीच्या शाळेच्या क्रीडा फलकासाठी लॉरियस जागतिक क्रीडा पुरस्कारांवर मजकूर लिहितेय. २००० मध्ये सुरू झालेले हे पुरस्कार. नामांकनं क्रीडा पत्रकारांकडून, आणि विजेते अकादमीतले जुने दिग्गज निवडतात, हे सोपं होतं. सचिनचा भागही पटकन झाला : २०२० साली बर्लिनमध्ये मिळालेला पुरस्कार वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा नव्हे, तर २०११ च्या विश्वचषक विजयानंतर सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर घेऊन वानखेडेवर मारलेल्या फेरीचा, लोकांच्या मतांवर मिळालेला. (फलकावर आधी कुणीतरी भलतंच लिहिलं होतं, ते खडूने खोडलं.)

अडलंय ते विभागांच्या नावांवर. 'कमबॅक'ला पुनरागमन चालेल; ऋषभ पंतला २०२५ मध्ये त्याच विभागात नामांकन होतं, मुलांना लगेच कळेल. पण 'ब्रेकथ्रू'ला, म्हणजे त्या वर्षी एकदम वरच्या पातळीवर झेप घेणाऱ्या खेळाडूच्या विभागाला, काय म्हणू? 'नवोदित' लिहिलं, तर २०२२ चं नीरज चोप्राचं नामांकन खटकतं. २०१८ लाच आशियाई सुवर्ण जिंकलेला गडी नवोदित कसा? 'भरारी' सुचलं, पण जरा सत्कार समारंभाच्या बॅनरसारखं वाटतं.

सहावीच्या मुलांना कळेल असा, एका ओळीत मावणारा शब्द कुणाला सुचतोय का? फलक सोमवारी लागायचाय.