ब्रिटिश इंग्रजीतले कोणते शब्द अमेरिकनांना चकवतात?

जर्सीवासी
आमच्या कार्यालयातील काही अमेरिकन सहकारी दीड महिन्यासाठी लीड्सला जाणार आहेत आणि त्यांच्यासाठी टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे, कारण शाळेत ब्रिटिश वळणाचे इंग्रजी शिकलेली मी एकटीच आहे. 'फोर्टनाइट' त्यांना कळत नाही याचे मला नवल वाटले, कारण आपल्याकडे पंधरवडा आहेच. 'फर्स्ट फ्लोअर' म्हणजे तळमजल्याच्या वरचा मजला, हेही मराठी माणसाला सांगावे लागत नाही, अमेरिकेत मात्र तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. परंतु मागच्या आठवड्यात लंडनच्या सहकाऱ्याने आमचा आराखडा 'क्वाइट गुड' असल्याचे कळवले, इकडे सर्वांना आनंद झाला, आणि दोनच दिवसांत त्याच आराखड्यात अकरा दुरुस्त्या सुचवणारे पत्र आले. असे आणखी कोणते शब्द टिपणात घ्यावेत?

लीड्सकर
'क्वाइट गुड' म्हणजे आपले 'बऱ्यापैकी', आणि अमेरिकन माणूस ते 'फारच छान' असे ऐकतो. गंमत अशी की 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हटले तर तेथे इंग्रज माणसालाही 'अगदी अशक्य' असेच म्हणायचे असते. पुढचे विशेषण कमीजास्त होऊ शकणारे असेल, तरच हा शब्द त्याची धार कमी करतो.

लीड्सला जाणाऱ्यांना 'टी' अवश्य समजावून सांगा. उत्तर इंग्लंडमध्ये अनेक घरांत संध्याकाळच्या जेवणालाच 'टी' म्हणतात. आमच्या शेजारच्या यॉर्कशायरच्या आजींनी एका अमेरिकन विद्यार्थ्याला 'हाफ फाइव्ह'ला, म्हणजे साडेपाचला, 'टी'साठी बोलावले. तो चहा समजून भरल्या पोटी आला आणि टेबलावर मटणाचा खिमा भरून भाजलेली पाई, वाटाणे आणि ग्रेव्ही पाहून दारातच थबकला. आजींना वाईट वाटू नये म्हणून त्याने सगळे संपवले, हे मला फार आवडले. 'यू ऑल राइट?' हाही नुसता नमस्कार आहे. 'मी आजारी दिसतो का?' असे विचारू नये, उलट 'ऑल राइट' म्हणून पुढे जावे.

जुना_शिक्षक
अनोळखी शब्दाचा अर्थ माणूस विचारून घेतो. खरा घोटाळा दोन्हीकडे असलेल्या, पण अर्थाने उलटलेल्या शब्दांचा होतो. बैठकीत एखादा विषय 'टेबल' करणे म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेला घेणे, तर अमेरिकेत तो बाजूला ठेवणे. महायुद्धाच्या काळात दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांमध्ये याच शब्दावरून बराच वेळ वाद झाला आणि अखेरीस दोघांनाही एकच गोष्ट हवी असल्याचे उघड झाले, असे चर्चिल यांनी लिहून ठेवले आहे.

कमी करून सांगण्याच्या सवयीचे मोल त्याहून मोठे असू शकते. एप्रिल १९५१ मध्ये कोरियातील इमजिन नदीकाठी ग्लॉस्टरशायर रेजिमेंटच्या तुकडीला चिनी सैन्याने वेढले असता ब्रिटिश ब्रिगेडियरने अमेरिकन वरिष्ठाला परिस्थिती 'अ बिट स्टिकी', म्हणजे 'जराशी अवघड', असल्याचे कळवले. त्यांच्या भाषेत ती आणीबाणी होती. ऐकणाऱ्याला मात्र जागा कशीबशी टिकून आहे असे वाटले, अशी हकीकत सांगितली जाते. त्या तुकडीतील बहुतेक सैनिक मारले गेले किंवा युद्धकैदी झाले. म्हणून टिपणात शब्दांपेक्षा या सवयीला अधिक जागा द्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

जर्सीवासी
दोघांचेही मनापासून आभार. 'टेबल' पहिल्या पानावर घेते. 'पेव्हमेंट'बद्दल खात्री करून द्याल का?

लीड्सकर
होय. ब्रिटनमध्ये 'पेव्हमेंट' म्हणजे पदपथ, तर अमेरिकेत बांधीव रस्त्याचा पृष्ठभाग, जिथून वाहने जातात. मुले बरोबर असतील तर हा शब्दही पहिल्याच पानावर घ्या.