मदत हवी आहे: माणूस डिसेंबरात गेला, प्रोबेट मात्र त्याआधीच्या मार्चमध्ये?

तन्वी_के: पुढच्या महिन्यात सासऱ्यांची पंच्याहत्तरी. वंशवृक्ष फ्रेम करून द्यायचाय. एका पूर्वजापाशी घोडं अडलंय. दफन १७४१, बारावा महिना, ९ तारीख. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला कोर्टाची मंजुरी, ४ मार्च १७४१. एकाच नावाची दोन माणसं धरायची का? बाप्तिस्म्याची नोंदही नाही. प्लीज लवकर, फ्रेमवाला खोळंबलाय.

जुने_दप्तर: देश कुठला? पंथ कुठला? 'बारावा महिना' असंच लिहिलंय की तुम्ही आकडा घातलात?

बापू_नाशिककर: त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वह्या बघा. आमच्या पणजोबांची सही मिळाली तिथे.

तन्वी_के: बापूकाका, सासरे इंग्रज आहेत हो! केंडलचे. घराणं क्वेकर, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाचं. दप्तर, हो, नोंदीतच 'बारावा महिना' आहे.

जेनेटिक_जयंत: कागद सोडा, डीएनए टेस्ट करा. थुंकी पाठवली की काम फत्ते.

जुने_दप्तर: जयंतराव, थुंकीत दफनाची तारीख निघते का? आठ-नऊ पिढ्यांमागच्या माणसाचा डीएनए अंगात उरलेला असेलच असंही नाही.
तन्वी, क्वेकर हे आधी सांगायचं ना! ते बाप्तिस्मा करतच नाहीत, जन्माची नोंद शोधा. महिन्यांची नावं देवदेवतांवरून आलेली, म्हणून ते नुसते आकडे लिहीत. १७५२ च्या आधी त्यांचा पहिला महिना मार्च, म्हणजे बारावा फेब्रुवारी. आणि तेव्हा इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे प्रोबेटचा ४ मार्चही जुन्या वर्षातच धरलाय. आपल्या हिशेबाने दोन्ही १७४२. फेब्रुवारीत दफन, मार्चमध्ये प्रोबेट. माणूस एकच.

तन्वी_के: अरे देवा, सुटलं! आता त्याची बायको कुठली ते कसं शोधू?

जुने_दप्तर: लग्नाचा दाखला मिळवा. हजर असलेले सगळे त्यावर साक्षीदार म्हणून सह्या करत, त्यात माहेरची माणसं सापडतात. मूळ रजिस्टरं लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, आरजी ६ मालिकेत. गोषवारे लंडनलाच, क्वेकरांच्या मुख्यालयात, फ्रेंड्स हाउसच्या ग्रंथालयात. एखादा मुलगा मध्येच गायब झाला तर मंथली मीटिंगची, म्हणजे त्यांच्या स्थानिक मासिक सभेची, मिनिट बुकं (इतिवृत्तं) चाळा. पंथाबाहेर लग्न केलं की नाव काढून टाकत, ते तिथे लिहिलेलं असतं.

खादाड_पुणेकर: क्वेकर म्हणजे ते ओट्सवाले ना?

जुने_दप्तर: नाही. त्या कंपनीने फक्त नाव घेतलं. कॅडबरी मात्र खरोखरचे क्वेकर.

बापू_नाशिककर: साल बदललं, आता तिथी कुठली धरायची?

सरळरेघ: फ्रेमवर नुसतं १७४२ नको, १७४१/४२ लिहा. नाहीतर मूळ नोंद बघणारा पुन्हा गोंधळेल.

तन्वी_के: फ्रेमवाल्याला १७४२ कळवून झालं! थांबा, परत फोन करते.

जेनेटिक_जयंत: तरी किट मागवून ठेवा, सेल चालू आहे.