५० मीटर बटरफ्लाय ही खरी रेस आहे, आणि आपल्या पोरांनी ती मनावर घ्यायला हवी

नौपाडाकर
२०२५ च्या सिंगापूर स्विमिंग वर्ल्ड चॅम्पियनशिपची पुरुषांची ५० फ्लायची (म्हणजे ५० मीटर बटरफ्लायची) फायनल काल परत बघितली. फ्रान्सचा मॅक्सिम ग्रुसे २२.४८, स्वित्झर्लंडचा नोए पॉन्टी २२.५१, इटलीचा थॉमस चेकॉन २२.६७. पहिल्या दोघांत फक्त ०.०३ सेकंद! आणि आपल्या ठाण्यात कुठल्याही टँकवर विचारा, उत्तर ठरलेलं, पन्नास फ्लाय काय, उडी मारायची आणि हात आपटत सुटायचं. मला हे अजिबात मान्य नाही.

ही रेस वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये २००१ पासून आहे, पण ऑलिम्पिकमध्ये नव्हती म्हणून तिला कोणी धरलंच नाही. युक्रेनच्या आंद्री गोवोरोव्हने २०१८ ला रोममध्ये २२.२७ मारला, सिंगापूरलाही तो रेकॉर्ड तुटला नाही, आणि या माणसाला स्वतःच्या सगळ्यात भारी इव्हेंटमध्ये ऑलिम्पिकला उतरायला कधी मिळालंच नाही. आता लॉस एंजेलिस २०२८ ला ५० फ्लाय, बॅकस्ट्रोक आणि ब्रेस्टस्ट्रोक येतायत, मुलामुलींचे धरून टँकमधले सहा इव्हेंट वाढतील, ३५ चे ४१.

आणि आपलं म्हणाल तर कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या ग्वांगझू एशियाडला ब्राँझ आणलं ते याच रेसमध्ये, २४.३१. स्विमिंगमध्ये भारताला २४ वर्षांनी मिळालेलं मेडल होतं ते. मग आपले कोच पोरांना या रेससाठी वेगळं का तयार करत नाहीत?

ऐरोली लेन ८
दादा, २४ वर्षांनी म्हणालात, पण त्याच्या आधीचं मेडल कशात होतं तेही सांगा की. १९८६ सोल, खजान सिंग, सिल्व्हर, २०० फ्लाय! मी लहान मुलांना शिकवते, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी गप्पांचा नाही. दहा वर्षांच्या पोराला पन्नास फ्लायचं टायमिंग दाखवलं की ते फक्त ताकद लावतं, कंबर बसते, दर स्ट्रोकला दोनऐवजी किक एकच उरते, आणि वर्षभरात खांदा धरून बाहेर बसतं. दोनशे फ्लाय मारताना चुकीचा स्ट्रोक चालतच नाही, शेवटच्या पन्नासला उघडा पडतो. पन्नासमध्ये चुकीचा स्ट्रोकही खपून जातो.

आणि वीरधवलचा २४.३१ आणि ग्रुसेचा २२.४८ यात १.८३ सेकंद आहेत. पन्नास मीटरमध्ये हे अंतर किती मोठं आहे ते तुम्हाला माहीत आहे. ऑलिम्पिकमध्ये इव्हेंट आला म्हणून आपण काही जवळ पोचलो नाही.

घोडबंदर काका
लेन ८ ताईंशी सहमत. २००८ चं बीजिंग आठवा, १०० फ्लाय. अमेरिकेचा मायकल फेल्प्स पन्नासच्या टर्नला सातवा होता, सातवा! सर्बियाचा मिलोराद चाविच पुढे. शेवटी फेल्प्स ५०.५८ आणि चाविच ५०.५९. ही रेस पन्नासलाच संपली असती तर आज कोणाच्या लक्षातही राहिली नसती. बटरफ्लायची मजा दुसऱ्या लांबीत आहे, जिथे हात पाण्याबाहेर निघत नाहीत आणि तरी काढावे लागतात.

नौपाडाकर
काका, तीच रेस माझ्या बाजूने बोलते. चाविच भिंतीकडे हात लांब करून ग्लाइड करत गेला आणि फेल्प्सने शेवटचा अर्धा स्ट्रोक जास्त मारला, ०.०१ सेकंद तिथे फिरला. पन्नासमध्ये नेमकं हेच शिकावं लागतं. भिंत कुठे येणार, शेवटचा स्ट्रोक पूर्ण बसणार की नाही, दोन्ही हात एकदम लागणार की नाही, हे सगळं आधी मोजून ठेवावं लागतं, चुकलं तर भरून काढायला पुढे पाणीच नाही. आणि तो चाविच पुढच्याच वर्षी रोमला ५० फ्लायचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, २२.६७.

ताई, चुकीचा स्ट्रोक खपतो हे मात्र पटलं नाही. ग्रुसेने सिंगापूरला १०० फ्लायही जिंकली. अमेरिकेच्या केलेब ड्रेसेलने २०१९ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला दोन्ही जिंकल्या. पोर्तुगालच्या दिओगो रिबेरोने २०२४ ला दोहामध्ये दोन्ही. स्ट्रोक कच्चा असता तर शंभरला टिकले असते का?

कोपरखैरणेची आई
तुमचं दोघांचं वाचते आहे पण पोरं पोहणार कुठे ते कोणी बोलतच नाही. आमच्या सोसायटीचा टँक चार फुटांचा, ब्लॉक नाही, डाइव्ह मारायला बंदी (आणि ती बरोबरच आहे, नियमाप्रमाणे स्टार्टिंग ब्लॉक असेल तिथे खोली निदान १.३५ मीटर लागते). क्लबचा टँक २५ मीटरचा. २५ च्या टँकमध्ये पन्नास फ्लाय म्हणजे मध्ये एक टर्न, आणि स्टार्टनंतर १५ मीटर आणि टर्ननंतर १५ मीटर पाण्याखाली चालतं, म्हणजे पन्नासमधले तीस मीटर डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारायची). माझा मुलगा त्यात बरा आहे. मोठ्या टँकवर नेला की १५ मीटरला वर येतो आणि पुढचे ३५ मीटर नुसते हातावर काढायचे, तिथे संपतो. त्यासाठी मुंबई नाहीतर पुण्याला बालेवाडीला न्यायचं, शाळा बुडवून. आधी लांब टँकचा वेळ द्या, मग ५० का २०० ते ठरवा.

ऐरोली लेन ८
हे शंभर टक्के खरं आहे ताई. म्हणूनच मी म्हणते, २५ च्या टँकमध्ये लांब अंतराचं पोहणं घडवता येतं, पन्नासची रेस घडवता येत नाही.

नौपाडाकर
पण मग निकोलस सांतोसचं काय? ब्राझीलचा. २०२२ ला बुडापेस्टमध्ये ५० फ्लायला सिल्व्हर, वय ४२! आपल्याकडे पोरं बारावीला स्विमिंग सोडतात कारण सकाळ-संध्याकाळ मिळून दहा-बारा किलोमीटर आणि क्लास एकत्र जमत नाही. स्प्रिंटला मीटर कमी लागतात, जिम आणि स्टार्टचं काम जास्त. वीस-बावीसच्या मुलाला नोकरी सांभाळून हे करता येईल. वीरधवल स्वतः तहसीलदार होता. लहान मुलांना २०० करायला लावा, मी आड येत नाही, पण अठरा-वीस वर्षांच्यांना पन्नासचा रस्ता उघडा ठेवा एवढंच म्हणणं आहे.

ऐरोली लेन ८
अठरानंतर चालेल. पण स्टेटला अंडर-१२ च्या ५० फ्लायचं मेडल गळ्यात पडलं की पालक २०० ला नावच देत नाहीत, ते कसं थांबवणार सांगा?