दहावीच्या मैत्रिणींचा ग्रुप: एकीला दिसत नाही, एकीजवळ बटणांचा फोन. सगळ्यांना धरून गप्पा कशा जमवाव्यात?

कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार मंडळी. आम्ही नऊ जणी, सांगलीतल्या एकाच शाळेच्या, १९८० च्या दहावीच्या. पाच जणी सांगली-मिरज-तासगाव पट्ट्यातच राहिलो. एक पुण्यात, एक बेळगावात. एक न्यू जर्सीला मुलाकडे असते, एक मेलबर्नला लेकीकडे. चार वर्षांपूर्वी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप केला तेव्हा चाळीस वर्षांचं साठलेलं बोलणं दोन महिने वाहत होतं. मग हळूहळू ग्रुपवर फुलंच फुलं. सुप्रभात, शुभ रात्री, एकादशीच्या शुभेच्छा.

मिरजेच्या मैत्रिणीची नजर काचबिंदूने गेली. आता उजेड-अंधार कळतो, बाकी नाही. आमच्यातली सगळ्यात बोलकी तीच. हादग्याची सगळी गाणी तिला ओळीने पाठ. गेल्या महिन्यात तिच्याकडे गेले तर तिने फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, "वाच गं, काय काय लिहिलंय सगळ्यांनी." तीनशेच्या वर मेसेज न वाचलेले. मी एकेक वाचत गेले, म्हणजे "फोटो, फोटो, हाही फोटोच" असंच सांगत गेले. आणि त्या फुलांच्या मधोमध बेळगावच्या मैत्रिणीचा मेसेज: यजमानांची अँजिओप्लास्टी झाली, आता बरे आहेत. बारा दिवसांपूर्वीचा. मिरजेच्या मैत्रिणीला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने काही न बोलता फोन परत मागितला आणि पदराने पुसून उशीखाली ठेवला. तेव्हापासून माझं मन ठिकाणावर नाही.

तासगावची मैत्रीण द्राक्षबाग बघते. तिच्याकडे बटणांचा साधा फोन आहे आणि तिला तोच हवा आहे. तिचं म्हणणं, चार्जिंग चार दिवस टिकतं, बागेत पडला तरी फुटत नाही. मला ते पटतं, तिला मी स्मार्टफोन घे म्हणणार नाही.

दिवाळीत एका अ‍ॅपवर व्हिडिओ कॉल केला होता. फुकटची वेळ चाळीस मिनिटांत संपली आणि मिरजेची बोलत असतानाच कॉल तुटला. निम्म्या जणींना परत येता आलं नाही. शिवाय न्यू जर्सीच्या मैत्रिणीची वेळ चुकली, ती तासभर उशिरा आली.

मला एवढंच हवंय: आठवड्यातून एकदा नऊच्या नऊ जणींचा आवाज एकत्र यावा, आणि मिरजेच्या मैत्रिणीला कुणाची बातमी बारा दिवसांनी कळू नये. कृपया सोपं सांगा.

नवीपेठ, पुणे

ताई, माझ्या आईच्या भजनी मंडळासाठी मी हेच करून दिलंय. पहिली गोष्ट, व्हिडिओचा हट्ट सोडा. व्हॉट्सअ‍ॅपचा साधा ग्रुप व्हॉइस कॉल करा. एका वेळी ३२ जण चालतात, वेळेची मर्यादा नाही, आणि नेट कमकुवत असलं तरी आवाज टिकतो. व्हिडिओ पाहिजेच असेल तर गूगल मीट आहे, पण तिघं किंवा त्याहून अधिक असले की फुकटात ६० मिनिटंच मिळतात.

कॉल सुरू करताना एकेकीला शोधून जोडत बसू नका. 'कॉल्स'मध्ये जाऊन कॉलची लिंक बनवा, ग्रुपवर टाका. जिला यायचंय ती लिंकवर बोट ठेवेल. कुणाचा कॉल तुटला तर तीच लिंक परत दाबायची, तुमच्याकडून काही करावं लागत नाही. लिंक ग्रुपबाहेर कुठे देऊ नका. आणि कॉलमध्ये यायला कुठलाही सहा आकडी कोड लागत नाही, तो कुणी मागितला तर देऊ नये.

दुसरं, फुलांना मनाई करू नका, मनं दुखावतात. वेगळा एक ग्रुप काढा आणि त्याच्या सेटिंगमध्ये मेसेज फक्त अ‍ॅडमिननेच पाठवायचे असं ठेवा. तुम्ही आणि आणखी एक जण अ‍ॅडमिन. आजारपण, लग्नकार्य, कॉलची वेळ, एवढंच तिथे.

चाचपडत, कोल्हापूर

ताई, मला वयाच्या तिसाव्या वर्षापासून दिसत नाही. हा मजकूरही मी फोनवर बोलूनच लिहितोय, म्हणून मिरजेच्या ताईंबद्दल जरा सविस्तर सांगतो.

अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय आधीपासून असते. सेटिंग्ज, मग अ‍ॅक्सेसिबिलिटी, तिथे टॉकबॅक. ते चालू केलं की बोट जिथे ठेवाल तिथलं फोन बोलून दाखवतो. उघडायचं असेल तर लागोपाठ दोन टिचक्या, पडदा सरकवायला दोन बोटं. आवाज मराठीत ठेवता येतो. पण एक लक्षात ठेवा: ते चालू झाल्यावर डोळस माणूस गोंधळतो, कारण फोन नेहमीसारखं ऐकत नाही. मग घरातली मंडळी घाईने बंद करतात आणि "हे काही जमायचं नाही" म्हणतात. असं होऊ देऊ नका. पहिले चार दिवस ताईंनी फक्त दोनच गोष्टी कराव्यात, आलेला फोन उचलणं आणि व्हॉट्सअ‍ॅपमधला आवाजी मेसेज ऐकणं. मला स्वतःला सरावायला तीन आठवडे लागले होते. व्हॉट्सअ‍ॅप पडद्यावर उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात, एकटंच ठेवा. कोपरा बोटाला सापडतो, मधली जागा सापडत नाही.

आता तुम्हा आठ जणींचं काम. फोटोवर छापलेला मजकूर टॉकबॅक सहसा वाचत नाही, "फोटो" एवढंच म्हणतो. ताईंना तुम्ही तीनशे वेळा जे वाचून दाखवलंत, तेच तो करणार. म्हणून महत्त्वाचं असेल ते अक्षरांत टाइप करा, नाहीतर बोलून पाठवा. नातवाचा फोटो पाठवलात तर खाली एक ओळ लिहा: नातू, लाल झबलं, पहिला दात आलाय. तेवढ्या ओळीवर आम्हाला फोटो दिसतो. इमोजीचंही नाव वाचलं जातं, त्यामुळे त्यांची रांग लावली की खरा निरोप त्यात बुडतो.

आणि ताई, आवाजी मेसेजच्या सुरुवातीला स्वतःचं नाव घ्या. चाळीस वर्षांत आवाज बदलतात.

एडिसनवासी, न्यू जर्सी

वेळेचं सांगतो, कारण आमच्या घरी दर वर्षी हाच घोळ व्हायचा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. म्हणून भारत उन्हाळ्यात आमच्या साडेनऊ तास पुढे, हिवाळ्यात साडेदहा. दिवाळी नोव्हेंबरच्या आसपासच येते, तिथेच तुमचा तास हरवला. मेलबर्नचं उलटं: ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे.

वेळ भारताच्या घड्याळावर पक्की बांधा, भारताचं घड्याळ हलत नाही. रविवारी संध्याकाळी ५ ठेवा. न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेसहा. मेलबर्नला रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. कुणालाच मध्यरात्री उठावं लागत नाही. गूगल कॅलेंडरमध्ये दर आठवड्याची नोंद करून दोघींना आमंत्रण पाठवा, त्यांच्या फोनवर तिथली वेळ आपोआप दिसेल.

कृष्णाकाठ, सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. तासगावच्या मैत्रिणीचं मात्र अजून सुटलं नाही. साध्या फोनवरून कॉन्फरन्स करून बघितली, तर माझ्या फोनवर माझ्याशिवाय पाचच जणी जोडता येतात. भारतातच आम्ही सात आहोत, म्हणजे एक बाहेर राहते. परदेशचा खर्च वेगळाच.

नवीपेठ, पुणे

व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल आणि साधा फोन एकमेकांत जोडता येत नाहीत. पण घरात दुसरा फोन असेल तर तो वापरा. एकावर ग्रुप कॉल, दुसऱ्यावरून तासगावला साधा फोन, दोन्ही स्पीकरवर. फोन टेबलावर आडवे, खालच्या कडा समोरासमोर, मध्ये वीतभर अंतर. माइक आणि स्पीकर बहुतेक खालच्या बाजूलाच असतात. आवाज मध्यम ठेवा, मोठा केला की शिट्टी वाजते.

कृष्णाकाठ, सांगली

पाच रविवार झाले, म्हणून कळवते.

टेबलावर वाजत होतं, म्हणून खाली जाड टॉवेल घातला, तेव्हा आवाज निवळला. यजमानांचा फोन रविवारी ५ ते ६ माझ्या ताब्यात असतो. पहिल्या रविवारी तासगावची म्हणाली, "मी पाण्याची पाळी संपवून बांधावर बसलेय, बोला." मागे मोटार चालू होती ती मेलबर्नपर्यंत ऐकू गेली. मेलबर्नची एकदम गप्प झाली, मग म्हणाली, मोटार बंद करू नको गं, राहू दे.

मिरजेला मी आठवड्यातून दोनदा जाऊन टॉकबॅक शिकवलं. पहिले दोन दिवस ती रडकुंडीला आली, तिच्या सुनेने मात्र धीर सोडला नाही. आता ती स्वतः कॉल उचलते. बेळगावच्या मैत्रिणीला तिने आपणहून आवाजी मेसेज केला, दोन मिनिटांचा, फक्त यजमानांच्या पथ्यपाण्याचा. आणि आम्ही सगळ्या फोटोखाली ओळ लिहायला लागलोय. कालच पुण्याच्या मैत्रिणीने लिहिलं: गॅलरीतला गुलबक्षीचा वेल नव्हे, झुडूप, संध्याकाळी उमललेलं, गुलाबी आणि पिवळं एकाच फुलात.

आता एक नवा प्रश्न. मिरजेची दर रविवारी हादग्याचं एक गाणं पूर्ण म्हणून आवाजी मेसेज करते. पाच झाली. ती जपून कशी ठेवावीत?

चाचपडत, कोल्हापूर

ताई, व्हॉट्सअ‍ॅपमध्येच ठेवू नका, फोन बदलताना बॅकअप राहिला तर जातात. प्रत्येक मेसेजवर बोट दाबून धरा, शेअर करा आणि गूगल ड्राइव्हमध्ये एका फोल्डरात टाका. १५ जीबी फुकट आहे, गाणी त्यातला कणभरही घेणार नाहीत. फाइलला गाण्याची पहिली ओळ नाव म्हणून द्या, म्हणजे मिरजेच्या ताईंना टॉकबॅकवरून स्वतःलाच शोधता येईल. आणि ताईंची हरकत नसेल तर एक गाणं मलाही ऐकवा. माझी आजी म्हणायची.